थंड पाण्यातलं गरवणं

ऑक्टोबर सरला की टेनेसीतल्या बऱ्याच बोटी ताडपत्रीखाली जातात. पाणी गार झालं, आता मासा खाणार नाही, अशी लोकांची समजूत असते. मला ती पटत नाही. डेल हॉलो तलावातला स्मॉलमाउथ बास गळाला लावायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत. त्या दिवसांत सामान मात्र लहान आणि हलकं लागतं, आणि हात अगदी संथ लागतो.

मी मूळची राजापूरच्या खाडीकाठची. गरवायला मला आजोबांनी शिकवलं. गरीला कोलंबी लावायची, भरती चढताना खडपावर बसायचं आणि दोरी बोटावर तोलून धरायची. तांबोशी लागली तर घरी थाट असायचा, नाहीतर शेंगटीवर भागायचं. लग्नानंतर कुकव्हिलला आले आणि इथे तासाभराच्या अंतरावर डोंगरांत पसरलेला हा तलाव भेटला. ओबी नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेलं धरण १९४३ मध्ये पुरं झालं आणि विलो ग्रोव्ह नावाचं नांदतं गाव पाण्याखाली गेलं. पाणी इतकं नितळ की काठालगतचा खडक खोलवर उतरत गेलेला दिसतो. याच पाण्यात ९ जुलै १९५५ रोजी डेव्हिड हेज यांना ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा स्मॉलमाउथ मिळाला. तो विक्रम आजही जगात मोडलेला नाही. हेज यांचा मासा भर उन्हाळ्यातला. पण इथले जुने मासेमार मोठ्या माशासाठी हिवाळ्याची वाट पाहतात.

त्याचं कारण माशाच्या अंगात आहे. बास थंड रक्ताचा. पाणी गार होत जातं तसं त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते. उन्हाळ्यात आमिषामागे सुसाट धावणारा मासा आता एका जागी तरंगत राहतो. त्याची भूक मेलेली नसते, पण घास मिळवायला जास्त ताकद खर्च करणं त्याला परवडत नाही. त्याच वेळी शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे गारठ्याने हैराण झालेले असतात. पाणी सात-आठ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ते सुस्तावतात, आणखी उतरलं की मरायला लागतात. थरथरत, एका जागी लटकलेला असा शॅड म्हणजे बासला न धावता मिळणारा घास. आपल्याला त्या मरायला टेकलेल्या शॅडचं सोंग वठवायचं असतं.

पूर्व टेनेसीतल्या मासेमारांनी यासाठी जी रीत बसवली तिला इथे ‘फ्लोट अँड फ्लाय’ म्हणतात. ती मला आमच्या शेजारच्या आजोबांनी दाखवली. त्यांचं सगळं आयुष्य या तलावावर गेलेलं. त्यांनी डबी उघडली तेव्हा आत पिसांचे आणि केसांचे झुबके बांधलेले इवलेसे जिग होते. वजन एक षोडशांश औंस, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. आकार सुकवलेल्या सोड्याएवढा. पाच पौंडांच्या माशासाठी एवढंसं आमिष? पण हिवाळ्यातला शॅडही पुष्कळदा एवढाच असतो, आणि जिग जितका हलका तितका तो पाण्यात अधिक वेळ लटकतो. केसांचं मोल तर गार पाण्यातच कळतं. जिग जागच्या जागी असला तरी केस हलत राहतात, श्वास घेतल्यासारखे.

जिगच्या वर आठ ते बारा फुटांवर फ्लोट पक्का बांधायचा. बास त्या खोलीवर, कड्यालगतच्या खोल पाण्यात अधांतरी उभा असतो. तळाला जाणारं आमिष त्याच्या कामाचं नाही. फ्लोटखाली एवढी लांब दोरी लोंबत असल्यामुळे रॉडही नऊ फुटांहून लांब लागतो, नाहीतर फेकच जमत नाही. दोरी चार ते सहा पौंडांची, केसासारखी बारीक. जाड दोरीने जिग नीट बुडत नाही, आणि अशा नितळ पाण्यात माशाला ती दिसते.

फेक झाली की फ्लोट आधी आडवा पडतो. जिग खाली उतरून दोरी ताणली की तो उभा राहतो. वाजवी वेळेत उभा राहिला नाही, तर समजायचं की जिग उतरतानाच कुणीतरी तोंडात घेतला आहे. पाण्यावर बारीक लाटा असतील तर त्याच फ्लोटला झुलवतात आणि जिगला नाचवतात. आपण गप्प राहायचं. पाणी स्तब्ध असेल तेव्हा रॉडचं टोक हलकेच थरथरवायचं, पण फ्लोट पुढे सरकू द्यायचा नाही. आजोबा सारखे म्हणायचे, “अजून हळू. तू ओढतेस, त्याला थरथरू दे.”

फ्लोट बुडला की मासा लागला, हे माझं खाडीवरचं गणित इथे पुरं पडत नाही. बास खालून येतो, जिग तोंडात घेऊन किंचित वर सरकतो, दोरीवरचा ताण जातो आणि उभा फ्लोट निवांतपणे आडवा होतो. कधी तो वाऱ्याच्या उलट दिशेला चार बोटं सरकतो. असं काहीही दिसलं की रॉड मागे घ्यायचा, पण झटका द्यायचा नाही. लांब, लवचीक रॉड वाकत वाकत गळ रुतवतो. हिसका दिला तर दोरी तुटते.

मला पहिला मोठा मासा लागला तो उन्हं अंगावर घेणाऱ्या एका खडकाळ काठाशी. बोट धुक्यात होती, बोटं बधिर झालेली. फ्लोट आडवा झाला, मी रॉड मागे घेतला आणि तो मुठीपर्यंत वाकला. गार पाण्यातला बास उड्या मारत नाही, नुसता खाली खेचत राहतो. बारीक दोरीवर त्याला दमवताना रिळाचा ब्रेक सैल ठेवावा लागतो आणि मनही. जाळीत आला तेव्हा ब्राँझचं ते अंग, उभे काळपट पट्टे आणि लाल डोळे पाहून मी बोलायचीच थांबले. आजोबांनी फूटपट्टी लावली. मासा १८ इंच भरला.

तो परत पाण्यात गेला. डेल हॉलोवर १६ ते २१ इंचांमधला स्मॉलमाउथ ठेवता येत नाही. पैदाशीचे जोमदार मासे वाचावेत म्हणून हा नियम आहे. ज्या घरात तांबोशी थेट तव्यावर जायची त्या घरातली मी, पण मला हा नियम मनापासून मान्य आहे. हवा गोठणबिंदूखाली असेल तर मासा फोटोसाठी ताटकळत ठेवू नये, कारण त्याचे नाजूक कल्ले आणि डोळे त्या हवेत गारठून इजा पावतात. हात ओले करून धरावा, गळ सोडवावा आणि लगेच सोडून द्यावा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ लोकांना गरवण्याची ओढ असते, विशेषतः कोकण-गोव्याकडच्यांना, आणि हिवाळाभर ती घरात कोंडून राहते. त्यांनी राज्याचा मासेमारी परवाना काढावा, त्या वर्षीचे नियम वाचावेत आणि जरूर जावं. पण एकटं जाऊ नये, आणि लाइफ जॅकेट धक्क्यावरच अंगात चढवावं. एवढ्या गार पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय कामातून जातात. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. जॅकेट बोटीच्या कप्प्यात ठेवून काही उपयोग नाही, ते घातलेलंच हवं.