दोन चकत्यांचा ‘तुकाराम’

गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातलं लहान गाव. अशा गावांतल्या चित्रपटवेड्यांना पूर्वी जुना सिनेमा पुन्हा बघायचा, तर बहुतेकदा दूरदर्शन दाखवील तेव्हाच.

२००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं चित्रपटांची व्हीसीडी २८, डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. खिशाला परवडू लागलं आणि कपाटं भरू लागली.

व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावतो. त्यामुळे प्रभात फिल्म कंपनीचा १९३६चा ‘संत तुकाराम’ दोन चकत्यांत. पहिली संपली की उठायचं, दुसरी मऊ कापडानं मधून कडेकडे पुसायची, ट्रेमध्ये ठेवायची. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पुन्हा समोर! हवा तो प्रसंग हवा तितक्यांदा बघता येणं, हे सुख फार मोठं.

जुने चित्रपट जपणाऱ्या पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी पी. के. नायर यांनी आयुष्य वेचलं. कपाटात चकत्या जपणाऱ्यांची ओढही तीच. या चकत्या भंगारात जाता कामा नयेत. अजून चालतात का, हे लावून बघायला हवं.