पंधरा माणसांची दिल्ली

भाऊबिजेच्या दुपारी जेवणं उरकली, ओट्यावर सुपारी कातरली जात होती, तेवढ्यात आत्यानं विषय काढला. या नाताळाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून दिल्लीला जायचं. जळगाव जिल्ह्यातलं हे घर एकत्र बाहेर पडलं होतं ते शेगावला, वणीला आणि एकदा पंढरपूरला. आजींनी एकच प्रश्न केला, ‘‘सगळे म्हणजे किती?’’ धाकट्या नातीनं मोजायला घेतलं. दोन्ही हातांची बोटं संपली, मग तिनं एक पाय पुढे केला. त्याचीही पाचही बोटं लागली. पंधरा.

रेल्वे मात्र घरासारखं मोजत नाही. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच माणसं मावतात आणि आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. शिवाय ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा आहे तो तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली तर लागू होतो. म्हणून सहा, सहा आणि आजी-आबांचं वेगळं दोघांचं अशी तीन तिकिटं निघाली. चौदा झाले. पंधरावी ती बोटं मोजणारी, पाच वर्षांच्या आतली, तिला तिकीट नाही. आठ वाजून काही मिनिटांत हे सगळं पार पाडणाऱ्या मोठ्या काकांच्या कपाळावर सकाळच्या वेळीही घाम होता. पुढे गाडीत बसल्यावर कळलं की आजी-आबांचे बर्थ शेजारच्या डब्यात आहेत. मग एका सहप्रवाशाला विनंती, दुसऱ्याला विनंती, आणि तासाभरात सगळं घर दोन खणांत येऊन बसलं. भारतीय रेल्वेत अनोळखी माणूस म्हाताऱ्यांसाठी आपली जागा आजही सोडतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

थंडी खानदेशाला नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा कधी कधी दहाच्या खाली उतरतो आणि शेताशेतांत वांगी भाजून भरिताच्या पार्ट्या होतात. पण ती थंडी रात्रीची. दुपारी ऊन चटकतं आणि स्वेटर खुंटीला जातो. दिल्लीची थंडी दुपारीही अंगावर बसून राहते हे आत्याचे यजमान सांगत होते, त्यांची नोकरीची पहिली तीन वर्षं तिकडे गेली होती. त्यांच्या सांगण्यावरून स्वेटरांच्या दोन पिशव्या वेगळ्या भरल्या. आजींनी त्यात आपली गोधडी दडपली. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर बारीक धावदोरा, कोपऱ्याला निळ्या कापडाचं ठिगळ. ‘‘तिकडे रजया असतात, आई,’’ मोठ्या सूनबाई म्हणाल्या. ‘‘असू द्या,’’ आजी म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

गाडी मध्यरात्री जळगावहून सुटली. भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा झोपेत गेले. इटारसीला उजाडलं तेव्हा पहिला स्वेटर बाहेर आला, आबांचा. भोपाळला चहाबरोबर मुलांचे. दशम्या आणि लसणाची चटणी झाशीपर्यंत पुरली. ग्वाल्हेर मागे पडलं आणि उन्हाचा रंगच बदलला, पिवळ्याचा फिकट पांढुरका झाला. मग मुरेना, मग चंबळ. नदी आली तेव्हा मोठ्या काकांनी मुलांना खिडकीशी ओढलं. काका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंचं सैन्य परतूरहून निघालं ते बऱ्हाणपूर, ग्वाल्हेर करत याच बाजूनं वर सरकलं आणि जूनमध्ये त्यानं चंबळ ओलांडली. नुसतं सैन्यच नव्हतं. बायका होत्या, मुलं होती, उत्तरेची तीर्थं घडतील म्हणून निघालेले हजारो यात्रेकरू होते. ‘‘म्हणजे सहलीसारखं?’’ आठ वर्षांच्या नातवानं विचारलं. काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. ‘‘निघाले तेव्हा, तसंच,’’ ते म्हणाले.

आग्र्यानंतर धुकं सुरू झालं. उत्तरेच्या सपाटीवर हिवाळ्यात जमीन रात्री झपाट्यानं निवते, तिच्यालगतची ओलसर हवा थंड होते आणि धुकं जमिनीवरच बसतं. गाडी रांगायला लागते. सिग्नल जवळ आल्याची खूण म्हणून धुक्यात रुळांवर फटाके लावण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. चाकाखाली ते फुटले की चालकाला कळतं. आता इंजिनात पुढच्या सिग्नलची आगाऊ वर्दी देणारं जीपीएसचं यंत्रही असतं. नवी दिल्लीला पोचायला गाडीला चार तास उशीर झाला. फलाटावर पाऊल टाकताच तोंडातून वाफ निघाली. मुलांना तेवढ्यानंच दिल्ली आवडली.

पंधरा माणसांचं घर शहरात फिरतं तेव्हा त्याचा वेग आबांच्या गुडघ्यांवर ठरतो आणि थांबे लहानग्यांच्या लघवीवर. पहिल्याच सकाळी पद्धत ठरली. पुढे आत्याचे यजमान, कारण वाटा त्यांच्या. सगळ्यांत मागे धाकट्या सूनबाई, कारण त्यांची नजर सुटत नाही. प्रत्येक जिना उतरल्यावर, प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर मोजणी. आणि एक नियम: जो चुकेल त्यानं जागेवरून हलायचं नाही.

नियमाची परीक्षा मेट्रोनं लगेच घेतली. दिल्ली मेट्रोची पहिली गाडी शाहदरा ते तीस हजारी अशी डिसेंबर २००२ मध्ये धावली. आज तिच्यात बसलं की जमिनीवरच्या शहराचा गोंगाट विसरायला होतं. गाडीच्या दिशेनं पहिला डबा बायकांचा. पहाडगंजातल्या लॉजवरून निघून रामकृष्ण आश्रमाच्या स्टेशनावर हे घर दोन ठिकाणी वाटलं गेलं, बायका पुढे, पुरुष मागे. राजीव चौकात गाडी बदलायची होती. तिथे दोन मार्ग एकावर एक आहेत आणि माणसांचा लोंढा दोन्हींकडे वाहतो. खालच्या फलाटावर दार मिटलं तेव्हा मोजणी चौदावर थांबली. आठ वर्षांचा नातू वर राहिला होता. आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. पुढच्या स्टेशनावर सगळे उतरले, काका आणि मुलाचे वडील उलटे गेले. मुलगा एका खांबाला पाठ लावून, दोन्ही हात खिशात घालून उभा होता. रडला नव्हता. वडिलांना बघून मात्र रडला. त्या दिवसानंतर तो आजींचा पदर धरून चालू लागला, आणि आजींनीही तो सोडवून घेतला नाही.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता नव्यानं बांधल्यापासून दिवसा मोटारींना बंद आहे. उरतात त्या सायकल रिक्षा, एकीत दोन माणसं. सात रिक्षा लागल्या, धाकटी मांडीवर. शीशगंज गुरुद्वाऱ्यावरून फतेहपुरी मशिदीकडे निघालेली ती सात रिक्षांची रांग वरातीसारखी दिसत होती, आणि पुढच्या रिक्षातून मागच्यांना, मागच्यांतून पुढच्यांना हाका चालल्या होत्या.

तिथे एका वळणावर बांबूच्या घोडीवर ठेवलेलं मोठं गोल भांडं दिसलं. आत फिकट पिवळा फेस. दौलत की चाट. नावात चाट असली तरी चटकदार काही नाही, गोड आहे. दूध-साय घुसळत राहायचं, वर येणारा फेस तेवढा उचलून घ्यायचा आणि थंडीच्या रात्रीत निववायचा. ऊन चढलं की तो विरतो, म्हणून हा पदार्थ फक्त हिवाळ्यात मिळतो, तोही विशेषतः सकाळी. लखनौत याच जातीच्या फेसाला निमिष म्हणतात, काशीत मलइयो. विक्रेत्यानं पळसाच्या द्रोणात चमच्यानं तो अलगद उचलून घातला, वर खवा भुरभुरला, पिस्त्याचे काप, पिठीसाखर. आजींच्या तोंडात आता चारच दात आहेत. गेली काही वर्षं बाहेरचं खाणं म्हणजे त्यांच्यासाठी इतरांना खाताना बघणं होतं. त्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. चावायला काही नव्हतंच. दूध होतं, केशराचा वास होता आणि जिभेवर एक गार झुळूक. ‘‘अजून एक घ्या गं कुणीतरी,’’ त्या म्हणाल्या, आणि तो दुसरा द्रोणही त्यांनीच संपवला. दिल्लीत काय पाहिलं असं पुढे कुणी विचारलं, तर आजी आधी हा द्रोण सांगतात.

लाल किल्ल्यात मुलांना पटांगणं मिळाली. पंधरा वर्षांखालच्यांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही, त्यामुळे पाखरं सोडल्यासारखी ती सुटली. काका दिवाण-ए-खासपुढे थबकले. पांढरा संगमरवर, त्यावरची फुलं, आणि वर रंगवलेलं लाकडी छत. इथल्या छताला कधी काळी चांदी होती. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली तेव्हा भाऊंकडे फौजेचा पगार भागवायलाही पैसा नव्हता. उरलीसुरली चांदी उतरवून त्यांनी तिची नाणी पाडली. पुढचे पाच महिने उपासमारीचे आणि थंडीचे. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराचा तो दिवस, दिल्लीच्या उत्तरेला नव्वद किलोमीटरवरचं पानिपत. काका हे सांगत होते तेव्हा हातमोजे घातलेले त्यांचे हात छातीशी बांधलेले होते. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या माणसांनी ही थंडी कशावर काढली असेल, असा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन गेला असावा, कारण थोडा वेळ कुणीच बोललं नाही. लढाईची बातमी आली ती सांकेतिक पत्रानं. गेलेली माणसं त्यात मोत्यांनी, मोहरांनी आणि खुर्द्यानं मोजली होती. खुर्दा किती गेला याचा हिशेब त्या पत्रात लागला नव्हता.

धाकट्या सूनबाईंनी तिथेच, बसल्या जागी, सगळ्यांना मोजलं.

दुसऱ्या दिवशी हवा वाईट होती. दिल्लीच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना हे टाळून चालत नाही. थंड हवा खाली, तिच्यावर उबदार हवेचं झाकण, आणि त्या झाकणाखाली वाहनांचा, कारखान्यांचा, शेकोट्यांचा धूर कोंडून राहतो. वारा पडला की सूर्यसुद्धा राखेतल्या निखाऱ्यासारखा दिसतो. आबांना जुना दमा. पहाटे इंडिया गेट पाहायचा बेत सरळ रद्द केला, आणि ते योग्यच झालं. अकरापर्यंत लॉजच्या एका खोलीत तीन पलंगांवर पंधरा जण. जड रजया होत्याच, पण दोन्ही लहान पोरं आजींच्या गोधडीत शिरली होती. पत्ते निघाले, कुणाचं लग्न कसं ठरलं ते निघालं, तीस वर्षांपूर्वीची बांधावरची भांडणं निघाली आणि हसण्यावारी गेली. घरी दोन भावांना इतका वेळ एकमेकांसमोर बसायला मिळत नाही.

सोमवारी लाल किल्ला बंद, संग्रहालयं बंद. तो दिवस बंगला साहिबसाठी ठेवला होता. हा बंगला मिर्झाराजे जयसिंहांचा, जे १६६५ मध्ये पुरंदरचा तह करायला दक्षिणेत आले तेच हे. त्याच्या आदल्या वर्षी या जागी गुरू हरकिशन राहिले होते. दिल्लीत देवीची साथ होती, आजाऱ्यांची सेवा करता करता तेही गेले, वयाची आठ वर्षंही पूर्ण व्हायची होती. नातवानं आपलं वय मनात मोजलं असावं, तो सरोवराच्या काठावर नेहमीपेक्षा शांत बसला. डोक्याला रुमाल बांधून सगळे लंगरात गेले. ओळीनं बसले तेव्हा सेवेकऱ्यानं हाक दिली, त्यात आजींना एक शब्द ओळखीचा लागला: पंगत. ‘‘यांच्यातही पंगतच म्हणतात?’’ त्यांना फार बरं वाटलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची एकसष्ट पदं आहेत हे काकांनी सांगितलं, तेव्हा पंढरीची वारी केलेल्या आजींनी ओंजळ पुढे करून पोळी घेतली आणि ती आधी कपाळाला लावली.

तिथून जंतरमंतर पायी जाण्याइतकं जवळ. त्याच घराण्यातले पुढचे सवाई जयसिंह, त्यांनी ते १७२४ मध्ये उभारलं. त्या दुपारी ऊन पडलं, दिल्लीत आल्यापासूनचं पहिलं खणखणीत ऊन. दिल्ली जळगावच्या साडेसात अंश उत्तरेला, त्यामुळे डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अडतीस-एकोणचाळीस अंशांवर असतो आणि सावल्या लांबलचक पडतात. सम्राट यंत्र म्हणजे आकाशाकडे चढत गेलेली भिंत, तिची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर सरकते आणि वेळ सांगते. खुणा आता पुसट आहेत, भोवती इमारती उंचावल्या आहेत. तरी आत्याच्या कॉलेजातल्या मुलीनं हिशेब मांडलाच. भारताची घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली, दिल्ली ७७ च्या पुढे थोडी, म्हणजे सूर्य घड्याळाच्या वीस-बावीस मिनिटं मागे. जळगाव आणखी पश्चिमेला, तिथे आणखी सहा-सात मिनिटं. ‘‘म्हणजे आपल्याकडे दुपार उशिरा होते,’’ आबा म्हणाले. ते हिरवळीवर आडवे झाले होते, टोपी डोळ्यांवर. भाजलेल्या शेंगांची पुडी हातोहात फिरत होती. तीन वाजेपर्यंत तिथून कुणी हललं नाही.

कुतुबमिनार राहिला. हुमायूनची कबर राहिली. रेल्वे संग्रहालयाचं वचन मुलांना दिलं होतं, तेही राहिलं, आणि त्याची आठवण मुलं अजून काढतात.

परतीच्या गाडीत स्वेटर उलट्या क्रमानं उतरत गेले. चंबळ रात्रीच्या अंधारात कधी गेली ते काकांखेरीज कुणाला कळलं नाही. जळगावच्या फलाटावर पिशव्या उतरल्या, गोधडी उतरली, आबांना हात धरून उतरवलं. आजी गाडीकडे पाठ न करता उभ्या राहिल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. एक हात झाला, दुसरा झाला. शेजारी बापाच्या खांद्यावर धाकटी गाढ झोपली होती, तिचा एक मोजा गाडीतच कुठेतरी गळाला होता. आजींनी तो उघडा पाय हातात घेतला आणि पुढची पाच माणसं तिच्या बोटांवर मोजली.