लाइनला टोन, मोडेमला नाही

धर्माबादचा मिरचीबाजार फोनवर चालायचा. मोसमात अडतीवर सकाळपासून निजामाबाद, हैदराबाद, गुंटूरचे भाव विचारले जात, निम्मं बोलणं तेलुगूत, निम्मं मराठीत. 2002-03 च्या सुमारास माझा संगणकाचा वर्ग होता आणि त्याच तांब्याच्या दोन तारांवरून मला इंटरनेट हवं होतं. बारावीचा निकाल नेटवर दिसू लागला होता. कॉलेजात गुणपत्रिका यायची वाट बघायला कोणी तयार नव्हतं. करखेली, जारीकोटची पोरं बैठक क्रमांक चिठ्ठीवर लिहून दारात उभी राहायची. लातूर विभागातल्या पोरांची पुढची सगळी धावपळ त्या आकड्यांवर ठरणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून पडद्यावर ‘एरर 680, डायल टोन नाही’ असं आलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

रिसीव्हर उचलला तर टोन स्वच्छ ऐकू येत होता. मोडेमच्या मागे दोन खाचा असतात, एक लाइनची, दुसरी फोनची. वायर लाइनच्याच खाचेत होती. मग फोन काढून मोडेमच्या फोनच्या खाचेत लावला, तिथेही टोन होता. म्हणजे टोन मोडेमच्या दारापर्यंत येत होता, आत ओळखला जात नव्हता. तक्रार दिल्यावर आलेले लाइनमन मामा चाचणीचा फोन कानाला लावून म्हणाले, “सर, टोन हाय की. तुमच्या डब्ब्यालाच ऐकू येईना.”

मामांचं निदान अचूक होतं. आपल्याकडचा डायल टोन 400 हर्ट्‌झचा, त्यावर 25 हर्ट्‌झची थरथर. अमेरिकेत तो 350 आणि 440 हर्ट्‌झ या दोन सुरांचा मिळून बनतो. बाजारात येणारे पुष्कळ मोडेम त्या सुरांच्या बेतानं बनलेले, त्यांना आपली घुंघुं टोन वाटतच नसे.

मोडेमला थेट आज्ञा देता येणारा हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडून ‘एटी’ टाइप केलं, ‘ओके’ आलं, म्हणजे मोडेम जिवंत होता. मग ‘एटीएक्स3’. ही आज्ञा मोडेमला सांगते की टोनची वाट बघू नकोस, लाइन उचल, थोडं थांब आणि नंबर फिरव. विंडोज 98 मध्ये मोडेमच्या प्रगत सेटिंगच्या रकान्यात ‘एक्स3’ लिहून ठेवलं की दर वेळी टाइप करावं लागत नाही. नंबरच्या आधी एक स्वल्पविराम घातला की आणखी दोनेक सेकंद थांबतो. एक्सचेंज सावकाश असेल तिथे हा स्वल्पविराम फार मोलाचा, नाहीतर पहिले आकडे हवेतच जातात. नंबर फिरला, पलीकडून ती ओळखीची किंचाळी आली आणि दारातल्या पोरांनी एकच गलका केला.

हा उपाय पुष्कळांना माहीत होता, आणि इथेच पुष्कळ जण फसायचे. पावसाळा लागला आणि जोडणी पुन्हा बंद पडली. या वेळी टोन नसल्याचा संदेश येणं शक्यच नव्हतं, मोडेमला तो ऐकूच नको असं सांगून ठेवलेलं. नंबर फिरल्याचा आवाज यायचा आणि मग नुसती शांतता. रिसीव्हरला कान लावला तर खरखर, मधूनच टोन, मधूनच काही नाही. आता दुखणं तारेत होतं.

मामा पुन्हा आले आणि त्यांनी भिंतीवरच्या डब्याचे स्क्रू सैल केले. मल्टिमीटरवर रिकाम्या लाइनचं माप 48 व्होल्टच्या आसपास, अगदी हवं तसं. रिसीव्हर उचलल्यावर मात्र ते जवळजवळ शून्यावर आलं. निरोगी लाइनवर काही व्होल्ट तरी उरतात. मामांनी वळचणीखालचा जोड सोडवला. तांब्यावर हिरवट थर चढला होता, बोटाला लागत होता. असा जोड रिकाम्या लाइनवर 48 दाखवतो, पण फोन उचलल्यावर पुरेसा करंट जाऊ देत नाही, मग कोणी लाइन उचलली हे एक्सचेंजला कळतच नाही आणि ते टोन देत नाही. मामांनी ब्लेडनं दोन्ही टोकं लखलखीत होईपर्यंत खरवडली, पीळ घट्ट मारला, वर टेप गुंडाळली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. खरखर गेली होती.

त्यानंतर वर्गात शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम शिकवला. आधी रिसीव्हर कानाला लावायचा, मग मोडेमच्या खाचेतून ऐकायचं, आणि दोन्हीकडे टोन स्वच्छ असेल तरच एक्स3 ला हात लावायचा.