दोन आर्थर आणि एक दुकान

अमेरिकेत लोवेलला राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या इमारतीतल्या एका मराठी वहिनींनी बजावलं, ‘दूध, भाजी, फळं, सगळं मार्केट बास्केटमधून आण. बाकीची दुकानं बघायला जा, घ्यायला नको.’ माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, घर एका पगारावर चालायचं, म्हणून हा सल्ला मी मुकाट्यानं पाळला. दुकान दिसायला साधंच. शनिवारी ढकलगाड्यांची अशी गर्दी की दादरची आठवण यावी. पण कोथिंबीर ताजी, आलं आणि हिरव्या मिरच्या हव्या तेवढ्या. ही सोय आमच्यासाठी केलेली नव्हती. लोवेलमध्ये कंबोडियातून आलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या स्वयंपाकाच्या पुण्याईवर आमची फोडणी व्हायची.

मी मुंबईच्या गिरणगावातली, नायगावची. त्यामुळे नदीकाठच्या लाल विटांच्या बंद कापडगिरण्या पाहून मला हे गाव परकं वाटलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या या गिरण्यांत आधी आयरिश लोक आले, मग ग्रीक. त्यांच्या ‘एकर’ नावाच्या वस्तीत अथानासिओस ऊर्फ आर्थर आणि एफ्रोसिनी डेमूलास या ग्रीक नवरा-बायकोनं १९१७ साली किराणा-मटणाचं छोटं दुकान टाकलं. १९५४ मध्ये टेलेमाकस आणि जॉर्ज या त्यांच्या मुलांनी ते आईवडिलांकडून विकत घेतलं आणि बघता बघता त्याची मार्केट बास्केट ही साखळी केली. दोघांचं ठरलं होतं की एकाचं बरंवाईट झालं, तर दुसऱ्यानं त्याच्या बायकामुलांचं बघायचं. १९७१ मध्ये जॉर्ज गेले.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात घडलेलं आहे. काकांनी आमचे शेअर हळूहळू स्वतःच्या घरात वळवले, असा दावा जॉर्जच्या कुटुंबानं १९९० मध्ये लावला. वर्षानुवर्षं कज्जा चालला. कोर्टानं फसवणूक झाल्याचं मान्य केलं आणि ५०.५ टक्के मालकी जॉर्जच्या बाजूला दिली. दोन्ही घरांत एकेक आर्थर, कारण ग्रीकांतही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. जॉर्जचा मुलगा आर्थर एस., टेलेमाकसचा आर्थर टी. हे दोघे सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नसत, एवढं म्हटलं तरी सौम्यच.

२००८ मध्ये आर्थर टी. कंपनीचे अध्यक्ष झाले. अल्पमतातल्या घरातला माणूस अध्यक्ष कसा झाला? आर्थर एस.च्या दिवंगत भावाची बायको मत देताना आर्थर टी.च्या बाजूला होती, म्हणून. त्याच वर्षीच्या मंदीत नोकरांच्या निवृत्तीच्या निधीला ४ कोटी ६० लाख डॉलरची खोट आली. आर्थर टी.नी ती कंपनीच्या पैशातून भरून काढली. ‘पॉइंट’ जमा करायचं कार्ड नाही, आपलं आपण बिल करायचं यंत्र नाही. २०१४ मध्येही कंपनीची वेबसाइट नव्हती. उलट त्या वर्षी त्यांनी प्रत्येक बिलावर ४ टक्के सूट जाहीर केली. याच सुमाराला माझा मुलगा शाळा सांभाळून तिथे सामान पिशव्यांत भरायच्या कामाला लागला. टाय सक्तीचा. गाठ मारायला बापानं शिकवली. छातीवरच्या पट्टीवर माणूस किती वर्षं नोकरीत आहे ते लिहिलेलं असायचं. तीस, पस्तीस वर्षंवाले त्याला रोज भेटत आणि घरी येऊन तो त्यांच्याबद्दलच बोलत बसे.

मग त्या भावजयीनं बाजू बदलली. जून २०१४ मध्ये संचालक मंडळानं आर्थर टी.ना काढलं आणि न भूतो असा संप झाला. युनियन नाही, पगारवाढीची मागणी नाही. मागणी एकच, आमचा मालक परत आणा. टूक्सबरीतल्या मुख्य कचेरीजवळ सभा भरल्या, गोदामं आणि ट्रक थांबले, भाजीचे कप्पे मोकळे पडले. ग्राहकांनी खरेदी बंद केली, दुसऱ्या दुकानांतून महाग सामान आणलं आणि त्या पावत्या मार्केट बास्केटच्या काचांवर चिकटवल्या. मीही चिकटवल्या. मुलाच्या कामाचे तास शून्यावर आले, तरी तो फलक घेऊन उभा. अखेर ऑगस्टच्या शेवटी आर्थर टी.नी समोरच्या बाजूचा हिस्सा दीड अब्ज डॉलरहून अधिक देऊन विकत घेतला. त्या रात्री आमच्या भागात दिवाळी होती.

तेव्हा एक गोष्ट कुणी उच्चारली नाही. ज्याच्यासाठी आम्ही रस्त्यावर होतो, तो माणूस भावाच्या बायकामुलांना फसवणाऱ्याचा मुलगा होता. बापाचं पाप मुलाच्या माथी मारू नये, हे मला पटतं. आर्थर टी. नोकरांना नावानं ओळखत, त्यांच्या घरच्या आजारपणाची चौकशी करत, हेही खरं. पण हा सगळा चांगुलपणा अर्ध्या टक्क्यावर आणि एका भावजयीच्या मर्जीवर टांगलेला होता. नायगावला आमच्या घरी अपना बाजारचा शेअर होता. गिरणगावातल्या कामगारांनी १९४८ मध्ये उभारलेली ती सहकारी संस्था. बाबा वार्षिक सभेला जाऊन तुरीच्या डाळीवरून तावातावानं भांडायचे. आता तिच्या शाखा आटल्यात, सहकार हा काही रामबाण उपाय नाही. तरी भांडायचा हक्क बाबांच्या कपाटात कागदावर होता.

मे २०२५ मध्ये संचालक मंडळानं आर्थर टी.ना सक्तीच्या रजेवर पाठवलं, सप्टेंबरात काढून टाकलं. या वेळी समोर चुलतभाऊ नव्हता, सख्ख्या तीन बहिणी होत्या. त्यांच्याकडे मिळून सुमारे ६० टक्के मालकी, भावाकडे साधारण २८. आमच्या दुकानाच्या काचेवर एकही पावती दिसली नाही. २०१४ च्या संपाचा अभिमान सांगणारे आजही भेटतात, पण त्या उन्हाळ्यात नोकरांच्या हाती खरी ताकद होती, आणि तेव्हाच त्यांनी कंपनीत थोडा तरी हिस्सा मागायला हवा होता. त्यांनी फक्त मालक मागितला.