तिथी आणि वाफसा

26 मे 2025
मान्सून आजच मुंबईत पोचला. तिथली त्याची नेहमीची तारीख 11 जून. चाकणजवळच्या आमच्या रानात मशागत अर्धीच झाली होती, आता वाफसा येईपर्यंत थांबणं आलं. आमचा झेंडू दसऱ्याच्या बाजारासाठी, आणि यंदा दसरा 2 ऑक्टोबरला. 2023 साली तो 24 ऑक्टोबरला होता. सण बावीस दिवस अलीकडे आला तरी झेंडूला वाढायला लागतात तेवढे दिवस लागतातच.

22 जुलै
लागवड उरकली. रोप लावल्यापासून फुलं सुरू व्हायला साधारण दोन महिने. दसऱ्यापासून मागे मोजत आलं की हेच दिवस निघतात. मुळाशी पाणी साचलं की मर लागते, म्हणून गादीवाफे उंच केले, चर खोल काढले.

28 ऑगस्ट
काल गणपती बसले. शेंडे खुडल्यावर फुटवे चांगले आलेत, पण उघडीप नाही. झेंडूला थंड, कोरडी हवा मानवते, 18 ते 20 अंशांची. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की फूल बारीक होतं. पावसाळ्यातलं संकट वेगळं : भरगच्च पाकळ्यांत पाणी अडतं आणि फूल आतून कुजतं. आज करप्याची फवारणी घेतली.

24 सप्टेंबर
घटस्थापना होऊन दोन दिवस झाले. सीना नदीच्या पुरानं सोलापूरकडची उभी पिकं आणि घरं पाण्यात आहेत. बातम्या बघवत नाहीत. आमच्याकडे सरींवर सरी. पहिल्या तोड्यातली बरीच फुलं बांधावर टाकावी लागली.

1 ऑक्टोबर
खंडेनवमी. उद्या सुट्टी, म्हणून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा आजच. पहाटे पिंपरीच्या फूलबाजारात माल नेला. व्यापारी क्रेटमध्ये हात घालून आधी ओल बघतो. भिजलेलं फूल वजनाला भरतं, पण संध्याकाळपर्यंत काळं पडतं, त्यामुळे भाव सुक्यालाच. ज्यांची फुलं पावसातून वाचली, त्यांचं साधलं.

22 ऑक्टोबर
दिवाळी पाडवा. आता तोडे नियमित निघतात, पण सणाची मागणी आज संपली. झेंडूचं झाड मूळचं मेक्सिकोतलं. तिथे ज्याला झेंडू लागतो तो मृतांच्या स्मरणाचा सण दर वर्षी 1 आणि 2 नोव्हेंबरलाच येतो, त्यामुळे लागवडीचा हंगाम ठरून गेलेला असतो. आपला दसरा चंद्राप्रमाणे पुढेमागे होतो. तो लवकर आला की तोडा परतीच्या पावसात सापडतो, उशिरा आला की बहुधा कोरडं ऊन मिळतं. पूर्वी एवढा हिशोब पुरायचा. आता पाऊस मे महिन्यातच येऊ लागला, तर तेवढ्यानं भागत नाही. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे आणि दसरा 20 ऑक्टोबरला. तरी सगळी रोपं एकाच आठवड्यात लावायची नाहीत. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन टप्पे करायचे, म्हणजे एक पावसात गेला तरी दुसरा हाती राहील. आमच्यासारख्या दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला पीकविम्याइतकाच हाही आधार हवा : लागवडीच्या वेळी गावपातळीवरचा, भरवशाचा हवामान अंदाज.