सकाळी कब्रस्तान, रात्री पिक्चर

ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की उर्दू शाळेतला पहिला मजमून ठरलेला असतो : ‘ईद की छुट्टी कैसे गुजारी’. सातवीच्या तीस-चाळीस वह्या आम्ही दरवर्षी तपासतो. ‘ऐन’च्या जागी ‘अलिफ’, ‘तोय’च्या जागी ‘ते’, पण मजकूर बहुतेक एकच. आंघोळ केली, नवे कपडे घातले, अत्तर लावलं, ईदगाहला गेलो, नमाज पढलो, गळे मिळालो, कब्रस्तानात जाऊन दादाच्या कबरीवर फातिहा पढली, शिरखुर्मा प्यालो, ईदी मिळाली आणि रात्री पिक्चर पाहिला. मुलांच्या मजमूनात कब्रस्तान आणि पिक्चर यांच्यामध्ये नेहमी ‘और’ असतं. मोठ्या माणसांच्या बोलण्यात तिथं ‘लेकिन’ येतं. हा ‘और’चा ‘लेकिन’ नेमका कोणत्या वयात होतो, याचा विचार अब्बा गेल्यापासून आम्ही वारंवार करू लागलो आहोत.

आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीडची नव्हे, आणि बेचाळीसच्या हुतात्म्यांची वर्ध्याकडची तर नव्हेच. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जिल्हा परभणी लिहिलेला आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडे आला. “हम इधरच, जिल्हा चल के आया,” असं अब्बा म्हणायचे.

अब्बा टेलर होते. रमजान म्हणजे त्यांची महिनाभराची रात्रपाळी. तरावीहवरून आले की मशीनवर बसायचे ते सहरीपर्यंत. चाँदरातीला आम्ही सगळी भावंडं काज-बटणाला बसायचो. सुई बोटात घुसायची, झोप डोळ्यांत. साऱ्या मोहल्ल्याच्या अंगावर नवं घालणाऱ्या या माणसाचा स्वतःचा कुर्ता कैकदा ईदच्या फजरनंतर इस्त्रीला जायचा. नमाज झाली, कब्रस्तान झालं, शिरखुर्म्याच्या वाट्या घरोघर पोचल्या की ते दुपारभर मेल्यासारखे झोपायचे. संध्याकाळी उठून मशीनवर चादर टाकायचे आणि म्हणायचे, “चलो, आज अपना टॉकीज.”

आमचं टॉकीज म्हणजे भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, सोबत रात्रभरासाठी तीन कॅसेटी. पुढं व्हीसीडी आली. लाईटचा भरवसा नसायचा म्हणून एक-दोनदा कोणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आमचा जुना काळा-पांढरा टीव्ही चालवल्याचंही आठवतं. तीन कॅसेटींपैकी दोन अब्बांच्या : ‘मुगल-ए-आजम’ आणि ‘शोले’. तिसरी आमच्या पसंतीची, आणि ती सुरू होईपर्यंत आम्ही झोपलेलो असायचो. शेजारच्या काकू शिरखुर्म्याची वाटी परत करायला यायच्या आणि मधल्या खोलीत अम्मीजवळ बसून ‘शोले’ संपवूनच जायच्या. पुरुष बाहेरच्या खोलीत, बाया मधल्या खोलीत, दोन्हींच्या मधल्या दारात टीव्ही. अब्बांच्या तरुणपणी उरुसात-जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, त्यातही मधोमध कपडा लावलेला असायचा. तो हिशेब त्यांनी घरात तसाच ठेवला होता.

‘शोले’ त्यांनी पहिल्यांदा जालन्यात पाहिला, बटणं आणि अस्तर खरेदीला गेले असताना. पिक्चर १५ ऑगस्ट १९७५ चा, ऐन आणीबाणीतला. आमच्या भागात पोचायला त्याला बराच वेळ लागला असणार. अब्बांना त्यातली मारामारी फारशी आवडत नसे. त्यांचा पिक्चर इमामसाहेबांचा, रहीम चाचांचा. तरुण मुलाची मय्यत घोड्यावरून गावात येते. आंधळ्या बापाला कोणी सांगत नाही, त्याला नुसती शांतता ऐकू येते. गावकरी म्हणतात, आता पुरे, त्या दोघा पाहुण्यांना गब्बरच्या हवाली करा. आणि ज्याचा मुलगा गेला तोच बाप त्यांना अडवतो. मग अजान होते आणि तो काठी टेकत मशिदीकडं निघतो. या अजानला अम्मी दरवर्षी डोक्यावर ओढणी घ्यायची. काकूही पदर घ्यायच्या. टीव्हीतल्या अजानला पदर घ्यायचा नसतो, हे आम्ही शहाणपणानं कितीदा सांगितलं असेल! तिनं कधी ऐकलं नाही.

रहीम चाचांचं काम करणारे ए. के. हंगल प्रत्यक्षात काश्मिरी पंडित, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, आणि पेशानं शिंपी. हे अब्बांनी कुठल्याशा उर्दू अखबारात वाचलं होतं. त्या दिवसापासून ते हंगलसाहेबांना ‘अपने धंदे का आदमी’ म्हणत. कोणी शिवणकामाला हलकं समजून बोललं की हा पुरावा बाहेर यायचा. त्या मुलाचं, अहमदचं काम आपल्या मराठीतल्या सचिननं केलेलं. म्हणजे पंडिताच्या घरचा बाप, मराठी घरचा मुलगा, आणि पडद्यावर दोघे मुसलमान. गब्बर झालेला अमजद खान मात्र खराच आपला. अब्बा यावर दरवर्षी हसायचे. विनोद जुना झाला तरी त्यांना नवाच वाटायचा.

आम्हा मुलांचं दुःख वेगळं होतं, ते जयचं. दर ईदला वाटायचं, यंदा तो वाचेल. पुढं वाचनात आलं की असं वाटणारे आम्ही एकटे नव्हतो. पहिल्या दिवसांत प्रतिसाद थंड होता, तेव्हा खुद्द पिक्चर काढणाऱ्यांनीही जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करण्याचा विचार केला होता. मग थांबले, आणि पिक्चर चालला. शेवट बदलला तो दुसऱ्याच कारणानं. ठाकूर गब्बरला ठार करतो हे सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून शेवटी पोलीस आणावे लागले. ‘कुली’चं उलटं. इक्बाल मरणार असं ठरलेलं होतं. २६ जुलै १९८२ ला बंगळुरूत चित्रीकरणात अमिताभला जबर मार लागला, देशभर मंदिरांत-मशिदींत दुआ झाल्या, तो वाचला. मग मनमोहन देसाईंनी १९८३ च्या पिक्चरमध्ये इक्बाललाही वाचवलं. आम्हाला ‘कुली’ आवडायचा तो बहुधा त्यासाठीच. जयसाठी एवढ्या दुआ कोणी केल्या नाहीत, एवढंच.

एका ईदला मात्र जय वाचला. पुलावरची लढाई सुरू झाली आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस, लाईट सकाळीच येणार. अंधारात कोणी तरी म्हणालं, “बच गया रे!” आणि मधल्या खोलीत बाया हसू लागल्या. त्या वर्षी आम्ही जयला पुढच्या ईदपर्यंत जिवंत ठेवला.

‘मुगल-ए-आजम’ ५ ऑगस्ट १९६० चा. अब्बांना तो संवादांसाठी हवा असायचा. घरात दखनी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू शिकलेल्या माणसाला ही जबान ऐकताना आपल्या गरीब नातेवाइकाला कोणी तरी दरबारी पोशाख घातल्यासारखं वाटायचं. जोधाबाई आपल्या दुर्गा खोटे, हे ते काकूंना आवर्जून सांगायचे. नोव्हेंबर २००४ मध्ये दिवाळी आणि ईद लागोपाठ आल्या, तेव्हा हा पिक्चर संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला. अब्बांना तो रुचला नाही. “सिले हुए कपडे को रंग देते क्या?” एवढाच त्यांचा अभिप्राय.

यात अनारकलीला भिंतीत चिणल्याचं सलीमला भासवलं जातं, आणि बादशहा तिला भुयारातून जिवंत बाहेर सोडतो. मधुबालाला मात्र असं भुयार मिळालं नाही. हृदयाचं दुखणं घेऊन तिनं त्या जड साखळ्या वागवल्या आणि २३ फेब्रुवारी १९६९ ला ती गेली. वय छत्तीस. आमच्या आताच्या वयापाशी येऊन ती थांबली आहे. तिला सांताक्रूझच्या जुहू कब्रस्तानात दफन केलं. मोहम्मद रफी (१९८०, तेव्हाही रमजान होता), साहिर, नौशाद यांच्याही कबरी तिथंच झाल्या. २०१० मध्ये जागा अपुरी पडते म्हणून तिथल्या पक्क्या कबरी काढल्या गेल्या, त्यांत यांच्याही गेल्या. रफीसाहेबांचे चाहते म्हणे एका नारळाच्या झाडावरून अंदाज बांधून फातिहा पढतात. ७ जुलै २०२१ ला दिलीपकुमार अठ्ठ्याण्णवव्या वर्षी गेले. त्यांनाही त्याच जुहू कब्रस्तानात दफन केलं. सलीम बावन्न वर्षांनी त्याच मातीत पोचला, तेव्हा अनारकलीच्या कबरीचा दगडसुद्धा उरलेला नव्हता.

बातमी वाचून अनेकांना हळहळ वाटली. आम्हाला वाटली ती थोडी वेगळी. कबर पक्की करू नये, ती मातीची असावी आणि मातीत जावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या आष्टीच्या कब्रस्तानातही दोन पावसाळ्यांत उंचवटा बसतो, उशाचा दगड कलतो, गवत माजतं, आणि जागा लागली की जुन्या ओळीत पुन्हा कुदळ पडते. ते गैर नाही. जिवंत माणसं घरासाठी भांडतात, मेलेल्यांनी तरी एकमेकांना जागा द्यावी. दादाच्या कबरीचा अंदाज आम्ही बाभळीवरून घ्यायचो. बाभूळ तुटली. आता मजमूनातली मुलं ज्या कबरीवर फातिहा पढल्याचं लिहितात, ती त्यांच्याच दादाची असेल याची खात्री कोण देणार? दुआ पोचते, पत्ता लागत नाही.

पण त्याच मधुबालेचा चेहरा, तिच्या पापणीची हालचालसुद्धा, कुठं गेलेली नाही. कबर मिटवायला शिकवणारी आपली रीत आणि चेहरा मिटू न देणारा पडदा, या दोहोंच्या मध्ये आपण ईदची रात्र घालवतो.

अब्बांचा असा पडदा नाही. फोटो मोजून तीन, त्यांत आधार कार्डावरचा एक, आणि त्यात ते दुसऱ्याच कोणासारखे दिसतात. आवाज तर कुठंच नाही. शेवटपर्यंत बटणांचा फोन वापरला. मोहल्ल्यात मय्यत झाली की कफन फाडून द्यायला अब्बांना बोलावणं यायचं. पैसे घेत नसत. कफनाला शिलाई नसते, नुसतं मापानं फाडायचं. त्यांचं माप आम्ही घेतलं, त्यांच्याच टेपनं.

ते गेल्यावर टीव्हीवर कपडा पडला. अम्मीची इद्दत, चार महिने दहा दिवस, संपून आठवडा झाला आणि ईद आली. कब्रस्तानातून आलो. अब्बांची माती अजून उंच होती. संध्याकाळी मशीनवरची चादर तशीच होती, ती टाकणारं कोणी नव्हतं. बाजी म्हणाली, पिक्चर लावायचा का? लहान भाऊ तेव्हा नुकताच चिल्ला लावून आला होता. तो रागावला नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. शांतपणे म्हणाला, “अब्बा को अब दुआ पोंचती, पिक्चर नहीं पोंचता.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कबरीची आठवण माणसाला नरम करते, आणि तीन तासांचा तमाशा तीच आठवण धुऊन टाकतो, असं त्याला वाटत होतं. सकाळी मातीला हात लावलेला माणूस रात्री गब्बर बघून हसतो, हे त्याला सहन होईना.

आमच्याकडं उत्तर नव्हतं. होती ती एक साधी माहिती : ‘शोले’त अब्बा कुठं कुठं हसायचे ते आम्हाला क्षणाक्षणानं पाठ होतं. जेलरला हसायचे, सूरमा भोपालीला हसायचे, मौसीच्या बोलण्यावर तर खोकला लागेपर्यंत. जय मरताना उठून चहा ठेवायला जायचे. त्या जागा दुसरीकडं कुठं नोंदलेल्या नाहीत. पिक्चर लावला तरच त्या येतात आणि जातात.

अम्मीनं दोघांचं ऐकलं. ‘लगाव’ म्हणाली, ‘आवाज कम रखो.’

पिक्चर लागला. जेलर आला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम अब्बांच्या जागेकडं पाहिलं. कोणी हसलं नाही. सूरमा भोपालीला बाजी हसली आणि हसता हसता रडू लागली. अजान झाली, अम्मीनं ओढणी घेतली. जय मरायला लागला तेव्हा कोणाला सांगावं लागलं नाही. आमच्यापैकी एक उठला आणि चहा ठेवला.

तेव्हापासून पडद्यावरची माणसंही पातळ होत चालली आहेत. संजीवकुमार १९८५ मध्येच गेले, वय अवघं सत्तेचाळीस. अमजद खान १९९२ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी. हंगल २०१२ मध्ये, जगदीप २०२० मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये असरानी गेले आणि नोव्हेंबरच्या २४ तारखेला धर्मेंद्र. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ‘शोले’ मूळ शेवटासह थेटरांत पुन्हा लागला. ठाकूरनं गब्बरला मारलं. पन्नास वर्षांनी तो शेवट बदलला, जयचा मात्र नाही. अब्बा असते तर म्हणाले असते, उसवून पुन्हा शिवलं तरी माप तेच.

आता पिक्चर मोबाईलवर कधीही मिळतो. आम्ही मात्र ईदच्या रात्रीच लावतो, टीव्हीवर, मधल्या दारात. लहान भाऊ त्या वेळी अंगणात बाजेवर बसतो, तस्बीह हातात. आत येत नाही, आणि आम्हीही बोलवत नाही. रहीम चाचांचा प्रसंग जवळ आला की अम्मी रिमोट मागते आणि आवाज दोन घरं वाढवते. बाहेरची बाज किरकिरायची थांबते.