भूगोलाचा जमाखर्च

चिखल्यात जमिनीखाली काय दडलंय हे सांगणाऱ्याला मान आहे. खाण मँगनीजची, इंग्रजांच्या अमदानीपासूनची; मॉइल कंपनी निघाली ती 1962 साली. भूगर्भशास्त्राचा पदवीधर इथे ‘साहेब’. भूगोलाच्या पदवीधराला मात्र लोक विचारतात, ‘बारावीत मार्क कमी पडले का हो?’ नुसत्या एका ‘गर्भा’चा हा फरक!

आमच्या भाच्याला नेमका भूगोलच हवा. भाऊजींनी वही उघडली. बी.ए.ची फी किरकोळ. पण नागपूरची खोली, मेस, एस.टी. धरता खर्चाचं पान भरलं आणि सगळ्यांची नजर ताईच्या पाटल्यांवर गेली. जमेला काय? आणखी दोन वर्षं बी.एड.ला घातली तर मास्तरकी. तीही जागा निघाल्या तर. एम.पी.एस.सी.ला भूगोल असतो खरा, पण परीक्षेला अख्खा महाराष्ट्र असतो.

"मामा, आता उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करतात. पाणी कुठे आहे, जंगल किती घटलं, सगळं कळतं."

"त्यासाठी बी.ए.नंतर कॉम्प्युटरवरचं जी.आय.एस. शिकावं लागेल," मी म्हटलं. भाऊजींनी खर्चाला नवं पान घेतलं.

"गावात सगळे खाली बघणारे," ताई म्हणाली. "एखादा आजूबाजूला बघणारा होऊ द्या."

आणि पाटल्या काढून तिने जमेच्या पानावर ठेवल्या.